चर बुजवला, डांबर टाकलं, पहिल्या पावसात पुन्हा खचला. चूक नेमकी कुठे होते? (नाशिक)

पाथर्डी_फाटा (धागाकर्ता)
सिंहस्थाच्या तोंडावर नाशकात रस्ते खोदण्याचा हंगाम जोरात आहे. पाण्याची लाइन, मलवाहिका, गॅस, केबल. एकाचं आटोपलं की दुसरा कुदळ घेऊन उभाच. खोदण्याला आक्षेप नाही, पाइप काही हवेतून जाणार नाहीत. आक्षेप बुजवण्याला आहे. माती लोटतात, वर डांबर टाकतात आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीला बरोबर त्याच रेषेत पन्हळ पडते.
यावर दोन मतं कायम ऐकू येतात. एक, डांबरात खाल्लं. दोन, नाशिकची काळी माती, तिला कोण आवरणार? मला दोन्ही अर्धवट वाटतात. जाणकारांनी सांगावं: चर खचतो कशाने, बुजवताना नागरिकाने उभं राहून नेमकं काय पाहावं, आणि पावसाळ्याआधी घाईने डांबर टाकावं की पाऊस जाऊ द्यावा?
राजकारण दुसऱ्या धाग्यावर.

तर्री_जास्त
"राजकारण दुसऱ्या धाग्यावर" म्हटलंत म्हणजे ते पन्नासाव्या प्रतिसादाला इथेच येणार. पाव-मिसळ घेऊन बसलोय.

निवृत्त_ओव्हरसिअर
डांबर बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. ते वरचं ५-७ सेंटिमीटर. खाली मीटरभर जे भरलंय ते बसलं की डांबर त्याच्यामागे जातं, त्याला दुसरा इलाजच नाही.

हिशोब करून बघा. २०० मिलिमीटरची पाण्याची लाइन, ६० सेंटिमीटर रुंद, १.३ मीटर खोल, १०० मीटर लांब चर. घनफळ ७८ घनमीटर, म्हणजे साडेसत्तावीस ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). खोदलेली माती सुटी होते तेव्हा साधारण पाव पट फुगते. म्हणजे कडेला सुमारे साडेचौतीस ब्रासचा ढीग लागतो.

आता तळापासून वर काय यायला हवं ते पाहा. पाइपखाली १०० मिमी वाळू किंवा चाळलेली कच, मग पाइपाचे २००, पाइपावर पुन्हा ३०० वाळू. त्यावर ३०० मुरूम, दीडशे-दीडशेच्या दोन थरांत. त्यावर २०० जीएसबी (रस्त्याच्या पायाची खडी-मुरुमाची भर), तीही दोन थरांत. मग १२५ वेट मिक्स (पाणी घालून कालवलेली बारीक-मोठी खडी) आणि शेवटचे ७५ डांबरी, खाली ५० आणि वर २५. बेरीज १३०० झाली. या यादीत खोदलेली काळी माती कुठे आहे? कुठेच नाही. म्हणजे ढीग जवळजवळ अख्खा बाहेर जायला हवा. दोन ब्रासच्या ट्रकने सतरा-अठरा खेपा बाहेर, आणि त्याच्या थोड्या कमी आत.

प्रत्यक्षात जेसीबी तीच माती एका दमात मागे लोटतो. तेवढ्याने चर काठोकाठ भरतो, उरलेल्या मातीचा उंटासारखा उंचवटा करून ठेवतात आणि "वाहतुकीने बसेल" म्हणतात. बसतेच. सव्वा मीटर सुटी भरणी फक्त दहा टक्के बसली तरी साडेबारा सेंटिमीटरचा खड्डा झाला.

सिडकोची_सई
काका, पण काही ठिकाणी चरात टँकरने पाणी सोडून माती "बसवतात" ना? ते बरोबर की नाही?

निवृत्त_ओव्हरसिअर
सईताई, वाळूला चालतं. वाळूत पाणी झिरपून निघून जातं आणि कण खाली बसतात. काळ्या मातीत पाणी सोडणं म्हणजे चिखल कालवणं. वरून पापुद्रा धरतो, आत महिनाभर लोणी राहतं. त्यावर रोलर घातला की म्हशीच्या पाठीसारखं हलतं. भरणी चांगली दाबायची तर ओल मोजकीच लागते. माती मुठीत दाबावी. गोळा बनून हाताला चिकटला नाही आणि बोटाने मारल्यावर दोन-चार तुकडे झाले तर ठीक. भुसभुशीत झाला तर कोरडी, बोटांतून निघाला तर जास्त ओली. प्रयोगशाळेत हे प्रॉक्टर चाचणीने नीट काढतात, पण मुकादमाला मूठ पुरते.

धुमस
ओव्हरसिअरसाहेबांनी थर सांगितले. ते दाबायचे कशाने हे राहिलं, आणि निम्मी गडबड तिथेच आहे.

चर ६० सेंटिमीटरचा, रोलरचं चाक मीटरापेक्षा रुंद. चाक चरावर आलं की दोन्ही बाजूंच्या जुन्या टणक रस्त्यावर टेकतं. मधल्या मातीला भार लागतच नाही, पूल झाला नुसता. फोटोत मात्र आठ टनी रोलर दिसतो.

चरात उतरून चालणारं यंत्र हवं. मुरूम आणि मातीला उड्या मारणारा रॅमर, वाळू-खडीला थरथरणारी प्लेट. उलट केलं तर काम होत नाही, प्लेट चिकणमातीवर नुसती घसरते. दीडशे मिमीच्या थराला किमान तीन-चार फेऱ्या, कडेला आणि पाइपाच्या कुशीत जास्त. पाइपावर वाळूचं ३०० मिमी आच्छादन होईपर्यंत यंत्र थेट पाइपावर चालवायचं नाही. तिथे हातातली धुमसच बरी, नाहीतर प्लॅस्टिकची लाइन अंडाकृती होते आणि जोड सुटतो.

तर्री_जास्त
फोटोतला रोलर म्हणजे लग्नातला घोडा. काम काही नाही, पण त्याच्याशिवाय वरात निघत नाही.

काळी_माती
नावाला जागून माझ्यावरच्या आरोपांना उत्तर देतो.

नाशिक सगळं काळ्या मातीवर नाही. मखमलाबाद-आडगावकडच्या मळ्यांत आणि गोदेच्या काठाने खोल काळी. म्हसरूळच्या किंवा पांडवलेण्याच्या डोंगरांकडे सरकलं की फूट-दोन फुटांवर मुरूम आणि खाली काळा पाषाण. गावठाणात तिसराच प्रकार, जुन्या वाड्यांचा राबिट (पाडकामाचा चुरा) आणि पिढ्यान्‌पिढ्यांची भर. एकच अंदाजपत्रक तिन्हीकडे लावलं की फसतं. पाषाणात तळ खडबडीत राहतो, तिथे शंभर मिमी वाळू कमी पडते, दीडशे तरी घ्यावी. नाहीतर एक टोकदार दगड पाइपाला वर्षानुवर्षं टोचत राहतो.

काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आक्रसते. ही हालचाल डांबराला सोसत नाही हे खरं. पण तिच्या नावावर खपवली जाणारी अर्धी प्रकरणं वेगळीच असतात. काळ्या मातीच्या चरात वाळू भरली की दोन अभेद्य भिंतींमध्ये एक पाझरी नळा तयार होतो. उतार असेल तर पावसाचं पाणी त्या वाळूतून भूमिगत ओढ्यासारखं धावतं, बारीक कण वाहून नेतं आणि वरचा रस्ता पोकळ होतो. गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या गल्ल्यांत हे होणारच, सगळा उतार नदीकडे. उपाय साधा आहे: उताराच्या चरात दर वीस-पंचवीस मीटरला वाळू तोडून चिकणमातीचा किंवा कच्च्या काँक्रीटचा आडवा बांध घालायचा, चराच्या भिंतीत थोडा घुसवून. खर्च किरकोळ. अंदाजपत्रकात मात्र तो क्वचितच दिसतो.

रविवार_कारंजा
सराफ बाजारात पाणी शिरतं त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

काळी_माती
नाही हो. तिथे सरस्वती नाल्याचं पाणी आणि नदीची पातळी हा मामला. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं, त्यावर काठाच्या गल्ल्यांतले नाले ओततील की उलटे फिरतील हे ठरतं. चराचा दोष नाही. पण अशा गल्लीत चर करायचाच तर त्यात मुरूमही नको, पुराचं पाणी ओसरताना तो सोबत घेऊन जातं.

फेरूल
पाण्याच्या बाजूने दोन गोष्टी.

लाइनची दाबचाचणी होईपर्यंत जोडांवर माती टाकायची नाही. मधला पाइप झाकावा म्हणजे उसळणार नाही, जोड उघडे ठेवावेत. घाईत आधी बुजवतात, मग चाचणी नापास होते, मग पुन्हा खोदतात. दुसऱ्यांदा बुजवताना थरबिर कोणी बघत नाही.

दुसरं, चर खचला म्हणजे भरणीच वाईट असं नाही. खाली गळती असू शकते. मुख्य लाइनला फेरूल (भोक पाडून बसवायची जोडतोटी) मारून जे घरगुती जोड काढतात तिथे सर्वांत जास्त. लोखंडी जोडनळी काळ्या मातीत सडते, सॅडलचा (पाइपाला आवळणाऱ्या पट्ट्याचा) बोल्ट ढिला राहतो. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं, त्यामुळे गळतीही ठरावीक वेळीच दिसते. सकाळी ओल आणि दुपारी कोरडं, तर संशय घ्या. साचलेलं पाणी नळाचं की जमिनीचं, हे ओटीच्या (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं औषध) द्रावणाने कळतं. चार थेंब टाका, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, म्हणजे नळाचं. पिवळं झालं नाही म्हणून सुटला असं समजू नका, मातीतून येताना क्लोरीन उडून जातं. मग रात्री पुरवठ्याच्या वेळी कान लावायची सळई घेऊन व्हॉल्व्हवर ऐकावं.

आणि गळती वाईट ती फक्त पाणी वाया जातं म्हणून नाही. पुरवठा बंद झाला की लाइन रिकामी होते आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत ओढते. शेजारून मलवाहिका जात असेल तर पुढचं सांगायला नको.

टोपोशीट
मुळात खोदायचं कुठे हे माहीत नसतं, हा आणखी वरचा आजार. नकाशात पाइप रस्त्याच्या डाव्या बाजूला, जमिनीत उजव्या. गॅसवाले केबल तोडतात, केबलवाले पाणी. प्रत्येक तुटीमागे एक आपत्कालीन खड्डा, आणि आपत्कालीन खड्डा कधीच थरात भरला जात नाही.

केंद्राने मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" नावाचं ॲप आणलं. खोदणाऱ्याने जागा टाकायची, त्या भागात ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. कल्पना चांगली, पण मालकांनी आपल्या वाहिन्या नकाशावर खऱ्या जागी टाकल्या असतील तरच उपयोग.

जमिनीखालचं बघणाऱ्या रडारचा बोलबाला आहे. ढकलगाडीसारखं असतं. मुरमात आणि पाषाणात छान दिसतं. ओल्या काळ्या मातीत मात्र लहरी शोषल्या जातात आणि पडद्यावर धुकं येतं. म्हणून मखमलाबादला त्यावर विसंबू नका, तिथे हाताने चाचणीखड्डे घ्या, रस्त्याला आडवे, दर पन्नास मीटरला एक.

नवीन लाइन टाकताना दोन स्वस्त गोष्टी: प्लॅस्टिकच्या पाइपासोबत तांब्याची शोधतार, आणि पाइपाच्या ३०० मिमी वर रंगीत इशारापट्टी. पुढचा जेसीबीवाला तुम्हाला दुवा देईल.

पंचवटीकर
एवढं सगळं करण्यापेक्षा गल्ल्यांत सरळ पेव्हर ब्लॉक टाका. उचला, खोदा, भरा, परत बसवा. डांबराची भानगडच नको.

धुमस
पंचवटीकर, असहमत. ब्लॉकखालची भरणी तीच राहते, ती बसली की ब्लॉकही बसतात. फक्त डांबर फुटतं तसा आवाज होत नाही. कडेला पक्की किनार नसेल तर ब्लॉक सरकतात, खालची वाळू तीस-चाळीस मिमीपेक्षा जाड घातली तर चाकाखाली लाटा येतात. उचलून परत बसवताना शेवटचे चार ब्लॉक बसत नाहीत, मग तिथे सिमेंटचं ठिगळ. पावसात दुचाकीवाल्याला विचारा.

पंचवटीकर
लाटा येतात, मान्य. पण लाट दुरुस्त करायला गवंडी आणि एक प्लेट पुरते. डांबराचा प्लांट पावसाळ्यात बंद असतो, तोवर गल्लीने काय करायचं? जड वाहन येत नाही अशा बोळासाठी मी अजूनही ब्लॉकच म्हणेन.

निवृत्त_ओव्हरसिअर
बोळापुरते पंचवटीकर बरोबर. मुख्य रस्त्यावर नाही.

मुख्य रस्त्यावर अरुंद चराला माझं मत वाहत्या भरणीला. घनमीटरला साधारण एक गोणी सिमेंट, बाकी राख, कच आणि भरपूर पाणी. पातळ कढीसारखं मिश्रण मिक्सरमधून थेट चरात ओततात, स्वतःच कानाकोपऱ्यात जातं. थर नको, रॅमर नको, माणसाने चरात उतरायला नको. राख एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रामुळे जवळच आहे. सिमेंट वाढवायचा मोह टाळायचा. ताकद ०.३ मेगापास्कलच्या आत ठेवली तर पुढे कुदळीने खोदता येतं, दोनच्या वर गेली की पुढच्या पिढीला ब्रेकर आणावा लागतो. आपले लोक "मजबूत" ऐकलं की दुप्पट सिमेंट घालतात, इथे तेच चुकीचं.

फेरूल
साहेब, एक राहिलं. रिकामा पाइप त्या कढीत तरंगतो! पाण्याने भरून ठेवा किंवा वाळूच्या पिशव्यांनी दाबा, आणि दोन-तीन टप्प्यांत ओता. आणि पाइपाच्या भोवती वाळूच असू द्या, कढी वरून. उद्या सॅडल बदलायला तिथे हात गेला पाहिजे.

निवृत्त_ओव्हरसिअर
बरोबर. सुधारणा मान्य.

रविवार_कारंजा
अवांतर होईल, पण चेंबरच्या झाकणांबद्दल कोणी बोलेल का? चर गुळगुळीत, आणि मध्ये झाकण चार बोटं खाली.

मोजमाप_पुस्तक
अवांतर नाही, एकाच चराची भावंडं. झाकणावर भाराचा वर्ग कोरलेला असतो: एलडी २.५, एमडी १०, एचडी २०, ईएचडी ३५. आकडे टनांत. पदपथाचं झाकण बसच्या रस्त्यावर बसवलं की तुटणारच. नवा डांबरी थर टाकण्याआधी चौकट उचलून घ्यावी लागते, खाली विटांचे तुकडे नाही तर लवकर घट्ट होणारं काँक्रीट. डांबर झाल्यावर उचलायला गेलं की भोवती पुन्हा गोल चर, आणि हा धागा पुन्हा पहिल्यापासून.

आता नागरिकाने काय पाहावं यावर. ओव्हरसिअरसाहेबांच्या सतरा-अठरा खेपा हाच सर्वांत सोपा पुरावा. माती बाहेर गेलीच नाही तर मुरूम आत आलाच नाही, यात मतभेदाला जागा नाही. मोजमाप पुस्तकात मुरूम-जीएसबीचं घनफळ लिहिलेलं असतं आणि त्यावर बिल निघतं. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २ मध्ये "माहितीच्या अधिकारा"त कागद तर येतातच, पण कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं. हे फार कमी लोक वापरतात. अर्जात "रस्ता का खराब झाला" असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. मागा: त्या लांबीचं मोजमाप पुस्तकाचं पान, थरनिहाय घनता चाचणीचे अहवाल, दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो ती तारीख. अहवाल नसतील तर "उपलब्ध नाही" हे लेखी उत्तरच पुरेसं बोलकं.

सिडकोची_सई
घनता चाचणी म्हणजे नेमकं काय करतात? उभं राहून बघायला मिळालं तर कळायला तर हवं.

काळी_माती
वाळूची चाचणी म्हणतात. दाबलेल्या थरात छोटा खड्डा घ्यायचा, निघालेली माती तोलायची. मग ठरावीक घनतेची कोरडी वाळू शंकूतून खड्ड्यात सोडून खड्ड्याचं घनफळ काढायचं. ओल वजा करून घनता मिळते, ती प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५-९७ टक्के असावी. चाचणी थर उघडा असतानाच होते. डांबर झाल्यावर मिळालेला "खालच्या थराचा" अहवाल असेल तर त्याची तारीख आणि डांबराची तारीख शेजारी ठेवून बघा.

झालेल्या कामासाठी शंकूची सळई आहे: आठ किलोचा घण ५७५ मिमीवरून सोडायचा, टोकाचा शंकू ६० अंशांचा. एका ठोक्याला दहा मिमी आत गेली तर सीबीआर (थराच्या भारक्षमतेचा आकडा) वीसच्या आसपास, चांगलं. तीस मिमी गेली तर सहा-सातवर आलं. पाइप किती खोल आहे ते आधी विचारा बरं का, नाहीतर चाचणीच गळती करेल.

धुमस
वरच्या डांबराचंही सांगून टाकतो. चराच्या भिंतीबरोबर डांबराची कड यायला नको. दोन्ही बाजूंना जुनं डांबर दीडशे ते तीनशे मिमी आणखी कापायचं, म्हणजे टोपीसारखं ठिगळ टणक जमिनीवर टेकतं. कापायचं चकतीच्या कटरने, ब्रेकरने कड भुगा होते. उभ्या कडेला आणि तळाला इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर), चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. जास्त ओतलं तर थर घसरतो. माल अंथरताना १४० अंश तरी हवा, रोलिंग ९० च्या खाली जाण्याआधी संपलं पाहिजे. ताडपत्री नसलेला डंपर दिसला की तिथेच प्रश्न विचारा.

पाथर्डी_फाटा
भरभरून मिळालं, सगळ्यांचे आभार. माझा तिसरा प्रश्न मात्र हवेतच आहे. पावसाआधी डांबर की पावसानंतर?

निवृत्त_ओव्हरसिअर
भरणी कशी झाली यावर उत्तर आहे. थरात दाबून झाली असेल तर मेमध्ये डांबर टाकून टाका, उघडा चर पावसात सोडणं हा गुन्हा. खात्री नसेल तर डांबराचा खर्च वाया जाणार. मग वेट मिक्स दाबून वर तात्पुरता थंड डांबरी माल किंवा ब्लॉक, पावसात दोनदा बघून खचेल तिथे भर, आणि दसऱ्यानंतर कापून पक्कं ठिगळ. नुसता मुरूम वर ठेवून पावसाळा काढायचा नाही, आठ दिवसांत चिखल. थंड मालाचा हिशोब आधी करावा: ६० बाय ६० सेंटिमीटर, ५ सेंटिमीटर खोल खड्ड्याला जवळपास ४० किलो लागतो. एक गोणी आणून चार खड्ड्यांवर भुरभुरलं तर ते हळदी-कुंकू झालं.

सिंहस्थाच्या रस्त्यांना ही थांबायची सोय नाही. अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे भर पावसात. त्या मेमध्ये बुजवलेला चर पहिल्याच पावसाळ्यात बसगाड्यांखाली येणार. रामकुंड, तपोवनाकडच्या वाटांवर उशिरा खोदावं लागलंच तर वाहती भरणी, दुसरं काही नको.

तर्री_जास्त
पन्नासावा प्रतिसाद येण्याआधी धागा संपतोय आणि राजकारण आलंच नाही. मिसळ गार झाली.

सिडकोची_सई
म्हणजे चर बुजवायला आले की निदान रॅमर आणलाय का, एवढं तर मी नक्की बघेन.

धुमस
सईताई, आणलेला असतोच. ट्रकमधून उतरवून झाडाला टेकवून ठेवतात. जवळ जाऊन सायलेन्सर गरम आहे का ते बघा.